मदत हवी आहे: केळीवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस, काकडीवरही येणारा विषाणू), फवारणीने विषाणू मरतो का?

राम राम भाऊ, रावेर तालुक्यात आपली टिश्यूकल्चर रोपांची केळीची मृगबाग (जून-जुलैत लावलेली) आहे, दीड महिन्याची, अन् पंधरा-वीस झाडांच्या पानांवर पिवळे पट्टे आलेत, सगळे म्हणताय सीएमव्ही आहे. दुकानातून बुरशीनाशक दिलंय पण बारावीतली पोरगी म्हणते पप्पा, विषाणूला पेशीच नसते, नुसता आरएनए (जनुकीय माहितीचा धागा) अन् वरून प्रोटीनचं कवच, तो झाडाच्याच पेशीकडून स्वतःच्या कॉप्या काढून घेतो, मग बुरशीचं औषध मारणार कोणाला? पटलं मला. बटाट्यावरच्या व्हायरॉइडला (विषाणूहूनही साधा, नुसता आरएनएचा तुकडा) तर कवचही नसतं म्हणे! मग तो वाढतो कसा, सोप्या भाषेत सांगा कोणीतरी. अन् रोगट झाडं उपटून गाडली, रोग पसरवणारा मावा आवरला तर बाकी बाग वाचेल ना? बांधालाच काकडी आहे, जीव थाऱ्यावर नाही.