मदत हवी आहे: जुन्या गाडीचा एअरबॅग रिकॉल (कंपनीनं सदोष भाग बदलून देणं) नक्की झालाय का, कसं कळेल?

मंडळी, सेकंड हँड सेडान घेतली आहे, मी तिसरा मालक. काचेखालच्या पट्टीवरचा 17 अक्षरी नंबर कंपनीच्या साइटवर टाकला (त्यात ओ अक्षर नसतंच, गोल दिसलं की शून्य समजायचं), तर ड्रायव्हरच्या एअरबॅगचा टकाटा कंपनीचा इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) बदलणं बाकी दाखवतंय. आधीचे मालक म्हणतात, "केव्हाच बदललाय", पण जॉबकार्ड (सर्व्हिस सेंटरची कामाची नोंद) नाही. आता विश्वास कुणावर ठेवायचा?

त्यात डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा अगदी व्यवस्थित विझतो. पण तो बघतो वायरिंग आणि सेन्सर. इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट (एअरबॅग फुगवायला गॅस तयार करणारं रसायन) उष्णतेनं आणि दमटपणानं खराब झालं, तर त्याला पत्ता लागत नाही; आणि इन्फ्लेटर फुटलाच तर धातूचे तुकडे थेट तोंडावर. शिवाय सुरुवातीला काही गाड्यांत जुन्याच जातीचे इन्फ्लेटर परत बसवले होते, ते पुन्हा बदलावे लागले.

सर्व्हिस सेंटरवाले "चालवा बिनधास्त" म्हणतात, लेखी मात्र काही देत नाहीत.

कुणी यातून गेलंय का? स्टिअरिंग उघडून इन्फ्लेटरवरचा नंबर तपासून देतात का? पार्ट येईपर्यंत गाडी उभीच ठेवावी का? घरी उघडायचा सल्ला कृपया देऊ नका, तेवढी हौस नाही.