छातीत धडधड, हातपाय गार: पॅनिक अटॅकचे तुमचे अनुभव सांगा

शेवंती_मेरशी

काल पणजीहून मडगावला शटलने, म्हणजे मध्ये न थांबणाऱ्या बसने, जात होते. शेजारी कॉलेजातली मुलगी. बांबोळीचा चढ लागला तशी तिने पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली. ओठ पांढरे पडलेले, सारखी बाहेर बघत होती. म्हटलं, "बाय, बरं वाटत नाही का गो?" तर हळूच म्हणाली, "ताई, ही गाडी मध्ये थांबवतात का?"

अंगावर काटा आला. हाच प्रश्न एके काळी मी रोज कंडक्टरला विचारायचे.

नवा जुवारी पूल व्हायच्या आधीची गोष्ट. तेव्हा आगशी-कुठ्ठाळीला ट्राफिक तुंबला की पुलावर अडकून राहायचं. अशाच एका संध्याकाळी गाडी पुलाच्या मधोमध थांबली आणि माझी छाती धाडधाड उडायला लागली. बोटांना मुंग्या, बोटं आपोआप वाकडी होत गेली, आजूबाजूची माणसं लांब गेल्यासारखी. आपण इथेच मरणार, याची पक्की खात्री. मडगावला पोचल्यावर ईसीजी काढला, तो स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. फी घेतली, विषय संपला.

माझा संपला नाही. आधी शटल सुटली. मग लिफ्ट. मग देवळात आरतीला मागे दाराजवळच उभं राहायचं. मग शुक्रवारचा म्हापशाचा बाजार. नवरा म्हणायचा, अगं काही होत नाही तुला. त्याला तरी काय कळणार, बाहेरून मी धडधाकट दिसत होते.

शेवटी माझी मोठी वहिनी मला बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, घेऊन गेली. "वेड्यांच्या इस्पितळात कशाला?" हे वाक्य घरात आणि शेजारी सगळीकडे ऐकून झालं. तिथे पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की याला नाव आहे आणि यावर इलाज आहे. गोळ्या दिल्या, आणि त्याबरोबर घरचा अभ्यास. लोकल बसने पणजी ते बांबोळी जायचं, उतरायचं. ते सवयीचं झालं की गोवा वेल्हा. मग आगशी. मग पूल ओलांडून कुठ्ठाळी. एकच नियम: धडधड वाढत असताना उतरायचं नाही, ती उतरायला लागेपर्यंत बसून राहायचं. पळालं की मेंदू शिकतो, पळालो म्हणून वाचलो. बसून राहिलं की शिकतो, बसलो तरी काही झालं नाही. मला बरं केलं ते याने.

त्या मुलीला एवढंच सांगितलं, "मीपण मडगावपर्यंत आहे. श्वास बाहेर सोडताना लांब सोड." पोचलो दोघी. उतरताना तिने हात धरला माझा.

तुमच्यातल्या कुणी हे भोगलं असेल तर लिहा. मोकळेपणाने लिहा.

अबोली_पेडणे

शटल!!! अगदी अगदी. कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते.

मला दिवसा कधीच नाही, रात्री यायचा. गाढ झोपेतून खाडकन जाग, घशात आवळल्यासारखं, घामाने गाऊन भिजलेला. धाकटी तेव्हा तान्ही होती. सासूबाईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. मग देवाकडे प्रसाद (कौल) लावला. पाकळी उजवी पडली तशी सासूबाई म्हणाल्या, "देवाचा हुकूम झाला, आता डॉक्टरकडे चल." स्वतः माझ्याबरोबर आल्या, बाळाला मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसल्या. लोक सासवांबद्दल काय काय लिहितात, मी माझ्या सासूबाईंचं हेच लिहिणार. झाल्या तीन शिट्ट्या.

रामा_म्हापसा

शेवंतीताई, आगशीला उतरत होता ना अभ्यासाला? मग तिथले चोरीस (गोव्याचे सॉसेज) घेतले की नाही?

शेवंती_मेरशी

@रामा मी नाही खात, पण मिस्टरांसाठी न्यायचे ना! समुपदेशक बाईंनीच सांगितलं होतं, प्रत्येक टप्प्याला काहीतरी बक्षीस ठरवा. आगशीचं बक्षीस त्यांना मिळालं.

साखळीकर

इथे बायकाच लिहितायत म्हणून मी लिहितो. पुरुषांनाही होतं हे.

२०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा माझे ट्रक दारात उभे. बँकेचे हप्ते चालूच. डिचोली-साखळी-उसगाव पट्ट्यात त्या वेळी किती घरांची झोप उडाली ते इथल्या माणसालाच ठाऊक. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेज, टायरवाले, रस्त्याकडेचा चहाचा गाडा, सगळे त्याच एका धंद्यावर. मला फोनच्या रिंगने सुरू व्हायचं. बँकेचा असो की बहिणीचा, रिंग वाजली की छाती भरून यायची. मग चालू झाल्या खाणी, आणि २०१८ ला परत बंद. दुसऱ्या वेळी मात्र मला कळत होतं हे काय आहे.

कारण मधल्या काळात एका दोस्ताने विचारलं होतं, "तुका रातची न्हीद येता?" बस, एवढंच. मी तिथेच गाडीत बसून रडलो. तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. आमच्यात पैशाचं विचारतात, झोपेचं कोण विचारतो? आज मी विचारतो. तिन्हीसांजेला वडाखाली बसतो आम्ही, तिथे पोरांना थेट विचारतो, झोप लागते का रे.

अबोली_पेडणे

साखळीकर दादा, वाचून डोळे भरले. फार चांगलं करताय.

नर्सबाय

ड्युटी संपवून आले. कॅज्युअल्टीत हे पेशंट आम्ही सतत बघतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी: छातीत दुखणं, दम लागणं पहिल्यांदाच होत असेल तर "पॅनिक असेल" म्हणून घरी बसायचं नाही. चाळिशी उलटलेली असेल, शुगर-प्रेशर असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल तर १०८ लावा. ईसीजी, रक्त, थायरॉइड, हिमोग्लोबिन बघून घ्या. थायरॉइड वाढला तरी अशीच धडधड होते. एकदा नीट तपासून झालं की मात्र दर आठवड्याला नवा ईसीजी काढत फिरू नका, त्याने भीती वाढते.

बोटं का वाकडी होतात? घाबरलं की आपण भराभर श्वास घेतो. त्यात कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, रक्तातला समतोल बदलतो, म्हणून मुंग्या, चक्कर, बोटं आखडणं. ऑक्सिजन कमी पडलेला नसतो. वाटतं गुदमरतोय, आणि श्वास तर जास्तच चाललेला असतो. म्हणून "मोठा श्वास घे, मोठा श्वास घे" असं ओरडू नका. सोडण्यावर लक्ष. नाकाने हळू घ्या, त्याहून सावकाश सोडा. तोंडाला कागदी पिशवी लावायची जुनी पद्धत आता सांगत नाहीत. खरंच हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर ती धोक्याची.

अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरतो. शरीर त्या टोकावर राहूच शकत नाही.

तुळस

मला प्राणायामाने फरक पडला. गोळ्यांच्या नादी कुणी लागू नये असं माझं मत. सवय लागते.

नर्सबाय

@तुळस ताई, प्राणायामाने बरं वाटलं ते उत्तमच, चालू ठेवा. पण गोळ्या दोन जातींच्या असतात. एक लगेच शांत करणारी, झोपेच्या गोळीच्या घराण्यातली. तिची सवय लागते हे खरं, म्हणून ती थोड्याच दिवसांसाठी देतात. दुसऱ्या एसएसआरआय म्हणतात त्या. त्यांची तशी चटक लागत नाही, पण गुण यायला काही आठवडे जातात आणि सुरुवातीचे दिवस उलट जरा बेचैनी वाटू शकते. नेमकं तेव्हाच लोक सोडून देतात. बरं वाटल्यावरही एकदम थांबवायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात. आणि "दोन पेग मारले की शांत वाटतं" म्हणणाऱ्यांनो, दारू उतरताना घबराट जास्त होते. सकाळचे पेशंट त्यातलेच असतात.

सुरंगी

चहा सोडावा लागेल का हो? बाकी काही सांगा, चहा नको सांगू 🙏

नर्सबाय

सोडू नका, मोजून प्या. कडक कॉफी आणि ते डब्यातले एनर्जी ड्रिंक मात्र त्रास असताना टाळा.

तारवटी

जहाजावरून लिहितोय, पोर्टला लागलोय म्हणून रेंज आहे. इंजिन रूममध्ये झाला होता मला पहिला. खाली सगळा आवाज, उष्मा, वर यायला जिने. कॅप्टनला कळलं तर घरी पाठवतील, पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळणार नाही, या भीतीने कुणाला सांगितलं नाही. घरी तर अजिबात नाही, आईने चवथीला गणपतीच्या माटोळीखाली (वर टांगलेल्या फळा-पानांच्या आराशीखाली) रडत बसायचं का?

पण सेकंड इंजिनियरच्या लक्षात आलं. तो म्हणाला, गॅलीतल्या (जहाजाच्या स्वयंपाकघरातल्या) वाफेने फायर अलार्म वाजतो तेव्हा तू समुद्रात उडी मारतोस का? बघतोस, बंद करतोस, कामाला लागतोस. हे पण तसंच. मला हे डोक्यात बसलं. आता आला की मनात म्हणतो, वाज बाबा, आणि हातातलं काम पुढे चालू ठेवतो. सुट्टीवर आलो की समुपदेशन घेतो, पर्वरीला. बोट सुटायची वेळ झाली. साखळीकर दादा, तुमच्या वडाखाली येणार.

आबा_हळदोणे

वाचतोय सगळं. तुम्हा पोरांना एक गोष्ट सांगतो, विषयाला धरूनच आहे. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा आहे, बाईवर हात पसरून उभा असलेला. सगळे तिथून जातात, वाचत कोणी नाही. हा कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला आपला माणूस, पाद्री. संमोहन कुठल्या अंगातल्या शक्तीने होत नाही, ते समोरच्याच्या मनातून घडतं, हे त्याने पॅरिसमध्ये सांगितलं.

त्याची अशी गोष्ट सांगतात: तरुणपणी लिस्बनला राणीसमोर प्रवचन करायला उभा राहिला, आणि समोरची बडी मंडळी पाहून त्याची वाचाच गेली. तेव्हा खाली बसलेला बाप हळूच कोंकणीत म्हणाला, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" आणि पोरगा घडाघडा बोलायला लागला. बापाच्या एका वाक्याने भीती कशी गेली, याचाच त्याने पुढे विचार केला म्हणतात. आपलं जुनं मनोरुग्णालय आल्तिनोवर होतं, त्याला नाव याचंच होतं.

रामा_म्हापसा

आबा 🙏🙏 उद्या ऑफिसात प्रेझेंटेशन आहे. कातर रे भाजी.

सुरंगी

@रामा तांबडी भाजी कातर, लवकर शिजते 😄

अबोली_पेडणे

आबा, मुलीला सांगितली गोष्ट. दहावीची परीक्षा आहे, दोन दिवस जेवत नव्हती. हसली तरी.

तिसवाडीकर

तारवटीने पर्वरी म्हटलं म्हणून लिहितो. पर्वरीची ‘संगाथ’ ही संस्था १९९६ पासून गोव्यात आहे. गावातल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक करायचं, आणि त्यांनी आरोग्य केंद्रात उदासी-चिंतेच्या पेशंटांना मदत करायची, हा प्रयोग त्यांनी इथेच केला. सरकारी केंद्रांत येणाऱ्या लोकांना त्याचा फायदा झाला, हे २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. जगभर दाखला देतात त्याचा, आणि आपल्या शेजाऱ्याला माहीत नाही.

नाव_नको

नवीन आयडी काढून लिहितोय. वय २६. गेल्या पावसापासून बाईकने मांडवी पूल ओलांडत नाही. चोडणला राहतो, फेरीने रायबंदरला उतरतो, तिथपर्यंत ठीक. पुढचं ऑफिस पर्वरीला होतं, ते सोडलं. घरी सांगितलंय की कंपनीने काढलं. शेवंतीताईचं वाचून पहिल्यांदा वाटलं की मी एकटा नाही. बांबोळीला दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी लागते का? कुणी ओळखीचं दिसलं तर?

शेवंती_मेरशी

बाबू, चिठ्ठी नसली तरी ये, ओपीडीत केसपेपर काढायचा. ओळखीचं दिसलं तर तेही उपचारालाच आलेलं असेल. मला माझी शाळेतली बाई भेटली होती तिथे, आम्ही दोघींनी एकमेकींना बिस्किटं दिली. पूल आज ओलांडायचा नाहीये, तो अभ्यास सर्वात शेवटी.

नर्सबाय

@नाव_नको तोपर्यंत रात्री-अपरात्री फारच वाटलं तर १४४१६ लाव. टेलीमानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि जीव द्यावा असं मनात येत असेल तर वाट बघू नकोस, त्याच क्षणी फोन कर किंवा सरळ कॅज्युअल्टीला ये.

नाव_नको

तसं मनात नाही येत. फक्त दमलोय. सोमवारी जाईन म्हणतो.

साखळीकर

सोमवारी मी पणजीला येतोच आहे रे. रायबंदर फेरी धक्क्यावर गाडी घेऊन थांबतो. पूल लागतच नाही वाटेत, मेरशीवरून बांबोळी. मेसेज कर.

शेवंती_मेरशी

जुना ईसीजी आणि चालू गोळ्यांची पाकिटं असतील तर बरोबर ने. सकाळी लवकर जा, सोमवारी गर्दी असते.