स्नेहसंमेलनातलं कौतुक: यंदा थोडं वेगळं करूया का?

प्रेषक: दुसरीच्या वर्गाची ताई

मंडळी, नमस्कार.

आपल्या रविवारच्या मराठी शाळेचं स्नेहसंमेलन महिन्यावर आलंय. नेहमीप्रमाणे प्रत्येक वर्गातले पहिले तीन क्रमांक कळवा, असा निरोप आम्हा शिक्षकांना मिळाला. मी नावं लिहायला बसले आणि अडले.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. लेखी परीक्षेत त्याला 50 पैकी 21. त्यानेच एका रविवारी आकडे म्हणताना मला मध्येच थांबवलं. "ताई, एकोणीस म्हणजे विसाला एक कमी, एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. एकोणनव्वदपर्यंत असंच. मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणायचं?" सात वर्षं शिकवतेय, माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. 'एकोण'मध्ये एक आणि ऊन आहे, ऊन म्हणजे कमी, एवढं मी सांगितलं. पण नव्व्याण्णव त्या रांगेतून का निसटला, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. उरलेला तास सगळा वर्ग आकड्यांमधले नियम आणि नियम मोडणारे आकडे शोधत बसला. कोणी सांगितलं नव्हतं.

आणखी एकीला चार महिने 'ळ' येत नव्हता. 'बाळ'चं 'बाल' व्हायचं. शेजारची मैत्रीण दर रविवारी तिला जीभ मागे कशी वळवायची ते तोंड उघडून दाखवायची. ज्या दिवशी स्पष्ट 'ळ' आला, त्या दिवशी वर्गाने आपणहून टाळ्या वाजवल्या. आता सांगा, यात पहिला क्रमांक कोणाचा? जिला आला तिचा, की जिने शिकवला तिचा?

1998 साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. कोडी सोडवल्यावर काही मुलांना "हुशार आहेस" म्हटलं, काहींना "मेहनत घेतलीस" म्हटलं. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखीच सोपी कोडी आली, तेव्हा 'हुशार' मुलं स्वतःच्याच आधीच्या गुणांपेक्षा मागे पडली आणि 'मेहनती' मुलं पुढे गेली. मग या मुलांना, आपले गुण अनोळखी मुलांना लिहून कळवा, असं सांगितलं, तर 'हुशार' गटातल्या दहांपैकी जवळपास चौघांनी ते वाढवून लिहिले.

माझी सूचना अशी: क्रमांक नकोत. प्रत्येक मुलाचं नाव मंचावर घ्यावं आणि वर्षभरात त्याने नेमकं काय केलं, ते एका वाक्यात सांगावं. ते वाक्य शिक्षकाने एकट्याने लिहू नये, वर्गातल्या एखाद्या मित्र-मैत्रिणीला विचारून लिहावं.

प्रेषक: चौथीतल्या एका मुलीचे बाबा

ताई, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहेच, पण मला हे पटत नाही.

सगळ्यांचंच कौतुक झालं की कोणाचंच होत नाही, आणि हे मुलांना आपल्याआधी कळतं. माझी मुलगी दोन वर्षं तिसरी आली, यंदा पहिली आलीय. दिवसभर दुसऱ्या भाषेत शिकून आल्यावर संध्याकाळी ती मराठी वाचायला बसते. बाहेर तिला यासाठी कोणी शाबासकी देत नाही. तिच्या वर्गमैत्रिणींना ती ही भाषा शिकते हे माहीतसुद्धा नाही. तिचा पराक्रम जिथे मोजला जातो अशी जगात एकच जागा आहे, आपली शाळा. तिथेही आम्ही तिला सांगायचं का, की यंदा पहिलं येण्याला अर्थ नाही?

प्रेषक: सभागृहाची व्यवस्था बघणारे काका

वेळेचा हिशेब देतो. मुलं 64. प्रत्येकाला अर्धा मिनिट धरलं, तरी येण्याजाण्यासकट पाऊण तास. एक नाटुकलं आणि दोन नाच कमी करावे लागतील. मी तयार आहे, पण नाच बसवणाऱ्यांना आजच सांगा, आयत्या वेळी नको.

प्रेषक: शाळेची माजी विद्यार्थिनी, सध्या पहिलीच्या वर्गात मदतनीस

सगळ्यांना नमस्कार. मी शाळेच्या या ईमेल-यादीवर पहिल्यांदाच लिहितेय.

मी आपल्या शाळेत सलग तीन वर्षं पहिली आले. सगळे म्हणायचे, किती हुशार. चौथ्या वर्षी पाचवी आले. घरी जाताना गाडीत आईने विचारलं तेव्हा मी "दुसरी" म्हटलं. पुढचे तीन रविवार माझं पोट दुखत होतं. ताईंनी लिहिलेला प्रयोग वाचला आणि पुढचं वाचायच्या आधी मला थांबावं लागलं. दहांतल्या त्या चौघांत मी आहे. आईला हे खरं या पत्रातूनच कळेल, म्हणून तिला आधी फोन केला.

पण चौथीतल्या मुलीचे बाबा, तुमच्या मुलीचंही मला समजतं. पहिलं आल्यावर मंचावर चढताना जे वाटतं ते खोटं नसतं. मला ते अजून आठवतं. फक्त बक्षीस मिळालेली ढाल कुठे आहे ते आठवत नाही. माझ्याकडे जपून ठेवलेली आहे ती निबंधाची वही. त्यात तेव्हाच्या सरांनी लाल शाईने लिहिलंय, "गोष्टीचा शेवट तू तीनदा बदललास. तिसरा सर्वांत चांगला." मी खोडलेलं कोणीतरी वाचलं होतं.

प्रेषक: दुसरीच्या वर्गाची ताई

हिच्या पत्रानंतर मी दोन दिवस काही लिहिलं नाही.

चौथीच्या बाबांचं म्हणणं मी नीट ऐकलं नव्हतं, हे आधी मान्य करते. पहिलं येण्याला अर्थ नाही असं मला म्हणायचं नव्हतं, पण माझ्या पत्राचा तोच अर्थ निघत होता. बाकीच्या शिक्षकांशी बोलून असं ठरवलंय: परीक्षेचे गुण आणि क्रमांक पाकिटात घालून प्रत्येक घरी देऊ, लपवणार काहीच नाही. मंचावर मात्र क्रमांकामागचं काम सांगू. ज्यांनी परीक्षेसाठी कष्ट घेतले त्यांच्या वाक्यात ते कष्ट येतील, आणि ज्यांचं काम गुणपत्रिकेत मावत नाही त्यांचंही येईल.

एक विनंती. मुलांना हे आधी सांगू नका. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल असं ज्यांना आधी कबूल केलं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढू लागली. ज्यांना ते अचानक मिळालं, त्यांची आवड तशीच राहिली. म्हणून ही वाक्यं त्या दिवसापर्यंत आपल्यातच राहू द्या.

पालकांना काही सुचवायचं असेल तर मला वेगळं लिहा. "खूप छान", "गुणी बाळ" असं नको. जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहा.

आणि काका, तुम्ही दर रविवारी सगळ्यांच्या अर्धा तास आधी येऊन दार उघडता. मुलांनी तुमच्यासाठीही एक वाक्य लिहिलंय. ते आत्ता सांगत नाही.

प्रेषक: चौथीतल्या मुलीचे बाबा

ताई, वेगळं न लिहिता इथेच लिहितो, कारण माझी हरकतही मी इथेच लिहिली होती. लेक ही यादी वाचत नाही.

तिच्यासाठी वाक्य: "रोज रात्री धाकट्या भावाला एक पान मोठ्याने वाचून दाखवते, आणि तो 'पुन्हा' म्हणाला की पुन्हा वाचते."

हे मी गेलं वर्षभर शेजारच्या खोलीतून ऐकतोय. तिला कधी बोललो नाही.

खुर्च्या मांडायला किती वाजता यायचं ते काकांनी कळवावं.