'विकर' आणि तेलातलं साटंलोटं

धानवाला: आमच्या पोट्ट्यानं पुस्तकातला 'विकर' विचारला. मी ठोकून दिलं, संप्रेरक. चुकलो का जी? अन् विकर वापरून तेलातली चरबी बदलतात म्हणे, त्या क्रियेला काय म्हणायचं?

मास्तरीणबाई: चुकलात भाऊ. संप्रेरक म्हणजे हार्मोन, विकर म्हणजे एन्झाइम, रासायनिक क्रियेला वेग देणारं प्रथिन. कोणी 'वितंचक' म्हणतं, त्यात विरजणाचा वास आहे. पण विरजणात जिवंत जंतू असतात, विकर जिवंत नसतं. मला 'विकर'च बरा वाटतो, जरी कानाला विकारासारखा लागला तरी.

मिलवरचा: विकर पाहायचं तर गोंदियाकडच्या राईस मिलवर या. दाण्यात तेल अन् लायपेज नावाचं विकर वेगवेगळं असते. पॉलिश करताना कोंड्यात दोघांची गाठ पडली, की तेल फुटायला लागते, मोकळी मेदाम्लं वाढतात. पावसाळ्यात पोतं तसंच पडू द्या, तोंड सोडलं की खवट भपकारा नाकात. म्हणून तेलासाठीचा कोंडा ताबडतोब तापवतात, उष्णतेनं लायपेज निकामी होते. उष्ण्या, म्हणजे उकड्या तांदळाचा कोंडा याच कारणानं जास्त टिकते.

धानवाला: म्हणजे हे विकर तेल नासवते. मग कारखानेवाले मुद्दाम कायले घालतात?

मास्तरीणबाई: पाणी असलं तर ते तोडतं. पाणी जवळपास काढून टाकलं की तेच जोडूनही देतं. मेदाच्या रेणूत एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं असतात. घट्ट पामतेलाचा भाग आणि पातळ सोयाबीन तेल एकत्र केलं, की लायपेज इकडचं मेदाम्ल तिकडे बसवतं. हायड्रोजन न घालता मार्गरिनजोगा, म्हणजे लोण्यासारखा मेद मिळतो, ट्रान्स फॅट ही हृदयाला घातक चरबीही होत नाही. २०२२ पासून आपल्याकडे खाद्यतेल आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटला २ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे या क्रियेला शब्द लागणारच. 'आंतरएस्टरीकरण' म्हणता येईल, पण जीभ अडखळते. मी वर्गात 'साटंलोटं' म्हणते. या घरची लेक त्या घरी, त्या घरची या घरी.

मिलवरचा: बाई, साट्यालोट्यात दोन्ही घरं ठरवून देतात. इथं तर कोणाचंबी कुठंबी!

मास्तरीणबाई: तसं नाही. काही लायपेज फक्त कडेच्या दोन जागा बदलतात, मधल्याला हात लावत नाहीत. पामतेलाच्या मध्यम घट्ट भागापासून चॉकलेटातल्या कोको बटरसारखा मेद करतात तो याच जोरावर. रसायनं वापरून अदलाबदल केली तर मात्र तुम्ही म्हणता तसंच, कोणाचंही कुठंही.

धानवाला: पोट्ट्याला सांगितलं सगळं. विकर समजलं म्हणते. आता विचारते, बाबा, साटंलोटं म्हणजे काय?