देशी मोबाईल कंपन्या चिन्यांनी मारल्या, हे म्हणणं मला पटत नाही. तुमचं मत सांगा

आकुर्डीकर

परवा कँटीनमधे परत तोच विषय निघाला, चिनी कंपन्यांनी पैसा ओतला आणि आपले मायक्रोमॅक्स, कार्बन, लाव्हा, इंटेक्स संपवले. मला हे अजिबात पटत नाही. २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत कॅनालिस या बाजार संशोधन संस्थेच्या आकड्यांप्रमाणे भारतात स्मार्टफोनमधे मायक्रोमॅक्स एक नंबरला होती, २२ टक्के, आणि सॅमसंग २० वर (सॅमसंगला तो आकडा मान्य नव्हता). जाहिरातीला ह्यू जॅकमन आणायची ऐपत होती, तालुक्याच्या गावात डीलर होते, लोकांच्या तोंडात नाव होतं. आणि तीन वर्षांत, २०१७ संपता संपता, शाओमी वरती. इतकं सगळं हातात असताना कंपनी इतक्या लवकर जाते तेव्हा आत काहीतरी नव्हतंच असं मी मानतो.

नव्हतं ते डिझाइन. चीनमधे शेन्झेनच्या डिझाइन हाऊसने (दुसऱ्यांसाठी फोन डिझाइन करणारी कंपनी) मीडियाटेकच्या चिपभोवती आतला सर्किट बोर्ड तयार करायचा, बॉडी तयार करायची, आपण कॅटलॉग बघून निवडायचा, मागे आपलं नाव छापून घ्यायचं आणि कंटेनर मागवायचा. जिओनी ही चिनी कंपनी आपल्या ब्रँडना फोन बनवून देत होती आणि २०१३ मधे तीच स्वतःच्या नावाने इथे विकायला उतरली. तेव्हाच सगळ्यांना कळायला हवं होतं की ज्याचं ड्रॉइंग त्याचा माल.

मी ऑटो लाइनमधला आहे म्हणून जास्त लागतं मनाला. पिंपरीत टेल्कोने इंडिका काढली १९९८ ला, आमच्या आकुर्डीच्या बजाजने २००१ ला पल्सर. समोर सुझुकी, होंडा होत्याच की. मदत बाहेरून घेतली पण गाडीत काही बिघडलं तर कुठला पार्ट कसा बदलायचा हे ठरवणारा माणूस आपल्या पगारावर होता. फोनवाल्यांनी तो माणूस कधी ठेवलाच नाही.

तापकीर गल्ली

साहेब, काउंटरच्या या बाजूने बघा एकदा. माझं मोबाईलचं दुकान आहे, गिऱ्हाईक कधीच विचारत नाही की बोर्ड कोणी डिझाइन केला, तो विचारतो केवढ्याला आणि रॅम किती. जुलै २०१४ ला शाओमीचा एमआय ३ आला १३,९९९ ला, फक्त फ्लिपकार्टवर, आणि नंतर रेडमी १एस ५,९९९ ला. मधे ना डिस्ट्रिब्यूटर ना रिटेलर. देशी ब्रँडला त्याच पैशात डिस्ट्रिब्यूटरचं मार्जिन, माझं मार्जिन, स्कीम, सगळं बसवायचं होतं. कसं बसणार? ते मार्जिन खाऊन आम्हीच त्यांचा ब्रँड गावोगाव नेला होता हे पण खरं.

मग ओप्पो विवो आले, त्यांनी उलटं केलं. लक्ष्मी रोडपासून ते पार मंचर नारायणगावपर्यंत दुकानांवर स्वतःच्या खर्चाने बोर्ड लावले, काउंटरला प्रमोटर मुलगा उभा केला त्याचा पगार पण त्यांचा. आयपीएलवर विवोचं नाव, टीम इंडियाच्या शर्टवर ओप्पोचं. एवढा पैसा देशी कंपनी कुठून आणणार? आणि त्यात सप्टेंबर २०१६ ला जिओ. फोरजी व्होल्टी (फोरजीवरूनच कॉल लागायची सोय) नसेल तर फोन बघायला सुद्धा कोणी तयार नाही, आणि इकडे आमच्या कपाटात थ्रीजीचा माल. दोन महिन्यात नोटाबंदी. पाच सात हजाराचा फोन घेणारा माणूस रोख पैसे देणारा, तो घरातून बाहेरच पडेना. भाव पडले, एका देशी कंपनीकडे प्राइस ड्रॉपचा, म्हणजे पडलेल्या भावाच्या भरपाईचा, माझा क्लेम तसाच अडकला तो आजतागायत आला नाही. तिथून मी पण शेल्फवरची जागा चिन्यांना दिली, मला पण घर चालवायचंय.

बाणेर फर्मवेअर

दुकानदार साहेबांचं सगळं बरोबर पण थ्रीजीच्या मालाचाच मुद्दा घ्या ना. फोरजी येणार हे वर्षभर आधीपासून सगळ्यांना माहीत होतं, शाओमीला पण होतं. फरक असा की बाहेरून तयार बोर्ड घेणाऱ्याला डिझाइन हाऊसच्या रांगेत उभं राहावं लागतं, आणि ऑर्डर आधीच दिलेली असते. हे नुसतं नशीब नाही.

सॉफ्टवेअरमधे तर जास्तच. चिपवाला बीएसपी (त्या चिपवर अँड्रॉइड चालवायला लागणारा मूळ कोड) देतो डिझाइन हाऊसला, ब्रँडकडे फक्त तयार इमेज येते, म्हणजे फोनमधे टाकायची बंद फाइल. मग अँड्रॉइडचं पुढचं व्हर्जन द्यायचं तर करणार कोण, सोर्सच नाही हातात. मायक्रोमॅक्सने यू ब्रँड काढला तेव्हा मला फार आशा वाटली होती, युरेका ८,९९९ ला होता, पोरं तुटून पडली होती. पण त्याचा सगळा जीव सायनोजेनवर, म्हणजे अमेरिकेतल्या दुसऱ्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर, आणि २०१६ च्या डिसेंबर अखेर सायनोजेनने सर्व्हिस बंद केल्या. शाओमीकडे एमआययूआय हे अँड्रॉइडवरचं सॉफ्टवेअर स्वतःचं होतं, फोनच्या आधीपासून. लोक त्याला नावं ठेवायचे जाहिराती दाखवतं म्हणून, पण अपडेट येत होते.

आणि माणसं नव्हती असं नाही हो. पुण्यात एम्बेडेडवाले (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर लिहिणारे) ढीगभर आहेत, मी त्यातलाच एक, आम्ही सगळे परदेशी क्लायंटच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरचे बग सोडवत बसलोय.

सदाशिव पेठ ३०

पल्सरचं उदाहरण इथे लागू होत नाही असं माझं ठाम मत आहे. बजाजचं कावासाकीशी कोलॅबोरेशन ऐंशीच्या दशकापासून, बाहेरून गाडी आणणं जवळपास अशक्य, स्कूटरच्या धंद्याचा पैसा गाठीशी. इतकी वर्षं सावलीत मिळाल्यावर पल्सर आली. मायक्रोमॅक्स फोनमधे उतरली २००८ ला. सहा वर्षांत चिप आणि सॉफ्टवेअर उभं करा म्हणणं अन्याय आहे, कोरियाने तैवानने सुद्धा ते इतक्यात केलेलं नाही.

आपल्याकडे फोनवर सीमाशुल्क लावलं कधी? जुलै २०१७ मधे १० टक्के, डिसेंबरमधे १५, आणि फेब्रुवारी २०१८ च्या बजेटमधे २०. तोपर्यंत शाओमी श्री सिटीत फॉक्सकॉनकडून जोडणी करून घेत होती, २०१५ पासून. म्हणजे भिंत बांधली तेव्हा पाहुणे आत येऊन बसलेले होते. संरक्षण हवं होतं २०१२ ला.

आणि डिझाइन असलं की माणूस तरतो हे पण खरं नाही. आपल्या रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तिथे फोनसुद्धा बनायचे. एलजीकडे काय कमी होतं, स्वतःचं डिझाइन, पेटंट, पैसा. २०२१ मधे त्यांनी जगभरातला फोनचा धंदा बंदच केला.

हडपसर ९९

व्हिडिओकॉन पण उतरली होती ना फोनमधे २००९ ला. औरंगाबादची, घराघरात टीव्ही होते त्यांचे. ती पण कॅटलॉगच बघत बसली का?

आकुर्डीकर

@सदाशिव पेठ, एलजीचा मुद्दा चांगला आहे, पण बघा, एलजीने फोन बंद केले तरी पेटंट स्वतःकडे ठेवली. मायक्रोमॅक्सवर २०१३ मधे एरिक्सनने दिल्ली हायकोर्टात पेटंटसाठी केस टाकली आणि रॉयल्टी भरायची पाळी आली तेव्हा सौद्यात समोर टेबलावर ठेवायला यांच्याकडे स्वतःचं असं काही नव्हतं. शाओमीवर पण तशीच केस झाली २०१४ ला, नंतर त्यांनी धडाधड पेटंट जमवली.

सहा वर्षं कमी होती हे मान्य. चिप बनवा असं कोणी म्हणतच नाहीये. पण ज्या वर्षी हॉलीवूडचा हिरो परवडला त्या वर्षी शंभर इंजिनियर परवडले असते की नाही? तेवढे चार वर्षं जपले असते तर निदान बोर्डचं लेआउट आणि अपडेट घरी झालं असतं. संरक्षण २०१२ ला मिळालं असतं तरी हेच कंटेनर येत राहिले असते, फक्त महाग झाले असते आणि ते पैसे गिऱ्हाइकाने भरले असते. संरक्षणाच्या बदल्यात काय उभं करायचं हे आधी ठरलेलं लागतं.

बाणेर फर्मवेअर

हेच पीएलआयचं, म्हणजे सरकारच्या उत्पादनाला प्रोत्साहन देणाऱ्या योजनेचं, झालंय. २०२० मधे स्कीम आली, परदेशी कंपन्यांना १५ हजाराच्या वरच्या फोनवरच लाभ, देशी कंपन्यांना ती अट नाही, यादीत लाव्हा होती, मायक्रोमॅक्सची भगवती होती, डिक्सनची पॅजेट होती. चांगलं केलं. पण पैसे ठेवले गुंतवणूक आणि वाढीव विक्रीवर. डिझाइन कोणाचं हे कुठे मोजलंच नाही. मग डिक्सन दुसऱ्यांचे फोन जोडते, आयफोन तमिळनाडूत बनतो, निर्यातीचे आकडे वाढतात, लोकांना काम मिळतं आणि त्याचा मला आनंदच आहे. पण त्यात एक ब्रँड आपला नाही. गलवाननंतर लोक स्वतःहून देशी फोन मागत होते, मायक्रोमॅक्सने नोव्हेंबरमधे इन नोट १ आणला, आणि पुढे ती लाट विरली कारण मागे टीम नव्हती. असं वातावरण परत परत मिळत नाही राव, जीव तुटतो.

मंजिरी_कोथरूड

सगळे मायक्रोमॅक्सवरच बोलताय, लाव्हा अजून जिवंत आहे हो! माझ्या बाबांना अग्नी २ घेतला, २१,९९९ ला कर्व्ह अमोलेड डिस्प्ले त्या भावात तेव्हा बाकीच्यांकडे शोधावा लागत होता. फालतू ॲप नाहीत, मधेच जाहिरात नाही, बाबांना तेच हवं होतं. कंपनी नोएडाची आहे, डिझाइन इथेच करतो म्हणते. अडचण एकच, कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास. कर्वे रोडवर विचारलं तर मॉडेलचं नाव तीनदा सांगावं लागलं. तापकीर गल्लीवाले काका, तुम्ही तरी ठेवता का?

तापकीर गल्ली

ताई, खरं सांगतो, नाही ठेवत. कव्हर लॉटमधे घ्यावं लागतं, मॉडेल बंद पडलं की तो लॉट माझ्या अंगावर. रेडमीचं कव्हर आठवड्यात संपतं. बाबांसाठी मागवून देतो, दुकानात येऊन मॉडेल दाखवा.

पण वरच्या साहेबांना म्हणतो, इंजिनियर ठेवा, जरूर ठेवा, त्याबरोबर पार्टचं पण बघा. गिऱ्हाईक फुटलेली स्क्रीन घेऊन येतं आणि पार्ट पंधरा दिवस येत नाही, तेव्हा तो पुढचा फोन दुसऱ्याचा घेतो आणि शिव्या मला देतो. देशी कंपनीने दोन वर्षं स्क्रीन, बॅटरी आणि चार्जिंग पोर्ट पुण्यात स्टॉकला ठेवायची हमी लेखी द्यावी, क्लेम महिन्यात सोडवावा, मी उद्या पुढचं शेल्फ रिकामं करून देतो.