श्यामलनचे चित्रपट : तुमची क्रमवारी आणि तिची कारणं

तिकीटखिडकी

दिग्दर्शक एम. नाइट श्यामलनचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'सिक्स्थ सेन्ससारखं पुन्हा जमलं नाही' आणि 'शेवट मी आधीच ओळखला होता'. दोन्हींतून चित्रपटाबद्दल काहीच कळत नाही. म्हणून हा धागा. क्रम लावा, पण कारणासकट. कलाटणी कुठे लपवली होती, कोणत्या प्रसंगात ती डोळ्यांसमोरून गेली, आणि दुसऱ्यांदा पाहताना टाके कुठे उसवतात, ते लिहा. 'जाम भारी' आणि 'डोक्यावरून गेला' ही मतं चहाच्या टपरीसाठी राखून ठेवा.

इथे सगळी रहस्यं फुटणार आहेत. पाहिलं नसेल तर इथूनच मागे फिरा.

'प्रेइंग विथ अँगर' (१९९२), 'वाइड अवेक' (१९९८), 'द लास्ट एअरबेंडर' (२०१०) आणि 'आफ्टर अर्थ' (२०१३) धरलेले नाहीत. त्यांत धक्कातंत्राचा प्रश्नच येत नाही. बाकीच्यांची माझी उतरंड अशी: द सिक्स्थ सेन्स, अनब्रेकेबल, द व्हिजिट, साइन्स, स्प्लिट, द व्हिलेज, ट्रॅप, नॉक अ‍ॅट द केबिन, ओल्ड, ग्लास, लेडी इन द वॉटर, द हॅपनिंग.

कातरकाम

'सिक्स्थ सेन्स'च्या पहिल्या नंबरावर वाद नाही, पण तो धक्क्यामुळे नाही, संकलनामुळे. अँड्र्यू मॉन्डशाइनला त्यासाठी ऑस्कर नामांकन होतं. चित्रपटाला मिळालेल्या सहा नामांकनांपैकी ते एक.

डॉक्टर माल्कम सुरुवातीलाच गोळी लागून मेलेला असतो आणि फक्त कोल या मुलाला दिसतो, हे शेवटी कळतं. ते लपवायची युक्ती साधी आहे. माल्कमला दार उघडावं लागेल, खुर्ची ओढावी लागेल किंवा कोणी त्याला उत्तर द्यावं लागेल, अशी वेळ आली की प्रसंग एक तर आधी संपतो किंवा थोडा उशिरा सुरू होतो. सगळ्यात धाडसी जागा म्हणजे माल्कम कोलच्या घरी पहिल्यांदा दिसतो तो प्रसंग. आई लिन आणि माल्कम समोरासमोर खुर्च्यांत बसलेत आणि कोल शाळेतून येतो. आपण गृहीत धरतो की या दोघांचं आत्ताच बोलणं झालंय, डॉक्टरला तिनेच बोलावलंय. पडद्यावर तसं काहीही घडलेलं नाही. मायलेक दिवसभराच्या गमतीदार थापा एकमेकांना सांगतात, ती पॅनकेकचं बोलून आत जाते. माल्कमकडे तिने एकदाही पाहिलेलं नसतं. मधलं सगळं आपणच भरलेलं असतं.

लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण हा दुसरा नमुना. तो उशिरा येतो, खुर्ची न सरकवता बसतो, एकटाच बोलतो. बिल घ्यायला हात पुढे करतो, तोवर बायकोने ते ओढून घेतलेलं असतं. ती रुसलीय असं आपण समजतो. रुसवा हे इतकं ओळखीचं कारण आहे की दुसरं कारण शोधायची गरजच वाटत नाही.

दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा हे प्रसंग आवाज बंद करून पाहा. फक्त लोकांची नजर कुठे जाते ते टिपा. कोल सोडला तर एकही माणूस माल्कमकडे बघत नाही. गोळी लागण्याआधीचा भाग अर्थात वेगळा.

दुसरीबाजू

कातरकाम, संकलन मान्य. पण पटकथेचं काय? मधल्या काळात हा माणूस कुठे राहतो, कपडे कसे बदलतो? तळघराचं दार उघडत नाही म्हणून खिसे चाचपतो, त्याचं पुढे काय होतं?

कातरकाम

कपड्यांचं उत्तर पडद्यावरच आहे. गोळी लागली त्या रात्री त्याने घातलेले किंवा हाताळलेले कपडेच तो पुढे घालतो. कोट, शर्ट, ती स्पोर्ट्सची स्वेटशर्ट, यांचीच अदलाबदल. तळघराच्या दारासमोर टेबल लावलेलं आहे, ते त्याला आणि आपल्याला शेवटीच दिसतं. बाकी पळवाट कोलच्या तोंडी घातलीय: मेलेल्यांना आपण मेलोय हे ठाऊक नसतं, जे पाहायचं तेवढंच ते पाहतात. हे वाक्य साधारण पन्नासाव्या मिनिटाला येतं आणि कॅमेरा तेव्हा माल्कमच्या चेहऱ्यावर जातो. चित्रपट अर्ध्यावरच उत्तर देऊन टाकतो. म्हणून त्याला फसवणूक म्हणता येत नाही. पळवाट आहे हे मात्र खरं, आणि सोयीची आहे हेही खरं.

रंगसंगती

लाल रंगाबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? दोन जगं जिथे एकमेकांना भिडतात तिथेच तो वापरलाय, बाकी फिलाडेल्फिया सगळं तपकिरी आणि राखाडी. तळघराच्या दाराची मूठ, वाढदिवसाच्या पार्टीतला फुगा आणि त्याच दिवशीचा कोलचा स्वेटर, त्याचा तंबू, चर्चचं दार. कायरा या मुलीला विष घालणारी आई तिच्याच अंत्यविधीला लाल कपड्यांत असते. कोणी न सांगता तिच्यावर नजर खिळते ती त्यामुळे.

'द व्हिलेज'मध्ये हाच रंग उघड नियम बनवला. लाल वाईट, पिवळा सुरक्षित, आणि हे पात्रं तोंडाने सांगतात. सांगितलं की जादू निम्मी उरते. म्हणून तो माझ्या यादीत आठवा.

कॅमेराकोन

माझा पहिला नंबर 'अनब्रेकेबल' (२०००). 'सिक्स्थ सेन्स'मध्ये माहिती लपवलीय, इथे चित्रपटाचा प्रकारच लपवलाय. आपण डेव्हिड या उदास सुरक्षारक्षकाची आणि त्याच्या मोडत्या संसाराची गोष्ट पाहत असतो. ती महानायकाची जन्मकथा आहे आणि खलनायक इलायजा सुरुवातीपासून शेजारी बसलाय, हे शेवटच्या हस्तांदोलनात उघडतं. म्हणायला सगळं पहिल्याच पाटीवर लिहिलेलं असतं: सरासरी कॉमिकमध्ये ३५ पानं आणि १२४ चित्रं. ती पाटी लोक माहिती म्हणून वाचतात आणि विसरतात.

एदुआर्दो सेरा यांचं छायाचित्रण दोन गोष्टींसाठी पाहा. इलायजा काचेत दिसतो. जन्म होतो तो आरशात, लहानपणी तो बंद टीव्हीच्या पडद्यावर उमटतो, मोठेपणी त्याच्या दालनातल्या चित्राच्या काचेत. मिस्टर ग्लास हे त्याचं नाव उच्चारलं जायच्या कितीतरी आधी. दुसरं म्हणजे लांबलचक न तुटणारे शॉट. रेल्वेतला पहिला संवाद पुढच्या दोन सीटच्या फटीतून पाहिलाय. कॅमेरा डेव्हिडकडून बाईकडे आणि परत असा हलत राहतो. कॉमिकची चौकट आणि चौकटीबाहेर राहिलेलं माणूस, दोन्ही त्यात आलं. जांभळा इलायजाचा आणि हिरवा डेव्हिडचा, हे तर कोणीही सांगेल.

गुण कापतो ते शेवटच्या दोन पाट्यांचे. डेव्हिडने पोलिसांना कळवलं, इलायजा मनोरुग्णालयात आहे. हस्तांदोलनानंतर सरळ अंधार हवा होता. पाट्या आल्या आणि एखाद्या सत्यघटनेचा उपसंहार वाचल्यासारखं झालं. तरी पहिलाच.

कानसेन

'साइन्स' (२००२) चौथा ठेवणाऱ्यांनी तो छोट्या स्पीकरवर पाहिला असावा.

जेम्स न्यूटन हॉवर्डचं संगीत तीन सुरांच्या एका तुकड्यावर उभं आहे. सुरुवातीच्या नामावलीत तो व्हायोलिनवर कर्कश येतो आणि पुढे कधी दबका, कधी बासरीसारखा होत शेवटी पूर्ण वाद्यवृंदात उघडतो. ऐकायची खरी जागा तळघराची. कुदळीचा फटका बल्बला लागतो, टॉर्च हातातून पडतो आणि नंतरचा बराच भाग फक्त आवाजांवर चालतो: दाराचा धक्का, कोळसा टाकायच्या झरोक्यातून आलेला हात, मुलाचा दम्याचा श्वास. पडद्यावर जवळजवळ काही नसतं. बाळासाठीच्या मॉनिटरवर परग्रहवासीयांचं बोलणं पकडायला सगळं कुटुंब मोटारीच्या टपावर चढतं, तीही युक्ती कानाचीच.

प्राणी पहिल्यांदा नीट दिसतो तो ब्राझीलमधल्या मुलांच्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफितीत. हलता कॅमेरा, मुलांचा गलका, मग बोळातून एक आकृती चालत जाते. संपतंसुद्धा. कोठीच्या दाराखालून सुरीच्या पात्यात दिसते ती फक्त चाहूल. तुकड्यातुकड्याने दाखवण्याचा धडा घ्यायचा असेल तर या दोन जागा लागोपाठ पाहा.

दुसरीबाजू

आणि पाण्याने भाजणारे प्राणी पाण्याने भरलेल्या ग्रहावर उघडे येतात, त्याचं काय?

कानसेन

ते मलाही गिळता आलेलं नाही. पण इथली कलाटणी परग्रहवासीयांची नाहीच. मरणाऱ्या पत्नीचे शेवटचे शब्द, धाकट्या बोने घरभर सोडलेले पाण्याचे पेले, तिच्या भावाचा, मॉर्गनचा दमा, काका मेरिलचा बॅटचा आंधळा फटका: चार सुटे धागे एका खोलीत एकत्र येतात आणि धर्मोपदेशकपण सोडलेल्या माणसापुढे प्रश्न पडतो की हा योगायोग होता का. पेरणी पक्की आहे. पेले तर आपण लहान मुलीचा हट्ट म्हणून मोजायचंही सोडून देतो. तर्कात गळती, रचनेत नाही. दुसरा नंबर.

लाकूडतोड्या

'द व्हिलेज' (२००४) आठवा म्हणणाऱ्यांशी भांडायला आलोय, पण अर्ध्यावर येऊन थांबेन.

दोष नेमका कुठे आहे ते सांगतो. चित्रपटात तीन गुपितं आहेत आणि ती चुकीच्या क्रमाने फुटतात. आंधळी आयव्ही जंगलात निघायच्या आधीच वडील तिला झोपडीत नेऊन दाखवतात की गाव ज्यांना घाबरतं ते जंगलातले प्राणी म्हणजे आपणच शिवलेले पोशाख. आता जंगलात भीती कशाची? म्हणून मग पोशाख घातलेल्या, गावातल्याच नोआचं ठिगळ लावावं लागतं. शेवटी कुंपणापलीकडे आजचा काळ निघतो, तेव्हा प्रेक्षकाने आधीच हात आखडता घेतलेला असतो. झोपडीचा प्रसंग जंगलानंतर स्मृतीतून आला असता तर तिन्ही एकामागोमाग कोसळले असते.

दुसरी भानगड जाहिरातीची. राक्षसांचा भयपट म्हणून विकला, आत निघाली प्रेमकथा.

आता जमेची बाजू. सुरुवातीच्या थडग्यावर १८९७ साल कोरलेलं आहे. खोटं बोलतात ते गावातले वडीलधारे. दिग्दर्शक आपल्याला फक्त त्यांची वस्तू दाखवतो. त्यांची अवघडलेली पुस्तकी भाषा पहिल्यांदा लेखनातला दोष वाटते, दुसऱ्यांदा कळतं की ती शिकून घेतलेली आहे. नायक लुशियसला चाकू लागतो तो मध्यावर, संगीताशिवाय, बोलता बोलता. नायक आडवा होतो आणि गोष्ट एका आंधळ्या मुलीच्या हाती जाते. रॉजर डीकिन्सच्या कॅमेऱ्यात दारात पुढे धरलेला तिचा हात आणि तो पकडणारा लुशियस, हा शॉट आणि हिलरी हानचं व्हायोलिन यासाठी मी पाचव्यापर्यंत जाईन. पुढे नाही.

कमीखर्च

'द व्हिजिट' (२०१५) तिसऱ्यावर पाहून बरं वाटलं. घर तारण ठेवून स्वतःच्या ५० लाख डॉलरमध्ये केलेला, जगभरात जवळपास ९.८ कोटी मिळवलेला चित्रपट.

प्रश्न रोकडा होता: आजी-आजोबा खरे नाहीत हे शेवटच्या टप्प्यापर्यंत कसं दाबायचं? आईने १५ वर्षांपूर्वी घर सोडलंय, मुलांनी त्यांना कधी पाहिलेलं नाही. आई त्यांना ओळखेल, पण तिच्याशी बोलणं होतं लॅपटॉपवर आणि त्याच्या कॅमेऱ्यावर आजीने पीठ सांडून ठेवलंय. स्वयंपाकघरातला अपघात वाटतो. त्यांना ओळखणारे डॉक्टर नेमके ते घरात नसताना येतात. पीठ निघतं, मुलं कॅमेरा अंगणात वळवतात आणि आई सांगते की ही माझी माणसं नव्हेत. एकही अलौकिक गोष्ट नाही. श्यामलनने याच्या तीन आवृत्त्या कापल्या होत्या, एक निव्वळ विनोदी, एक निव्वळ भीतीची आणि ही मधली. मुलाचं रॅप असह्य आहे, हे मात्र सोसावं लागतं.

गणिताचा_तास

'ओल्ड' (२०२१). त्या समुद्रकिनाऱ्यावर अर्धा तास म्हणजे एक वर्ष, तेव्हा एका दिवसात ४८ वर्षं. हे गणित पडद्यावर बरंचसं पाळलंय: सहा वर्षांचा ट्रेंट दुसऱ्या सकाळी पन्नाशी ओलांडलेला दिसतो, जखम पाहता पाहता भरते, गर्भारपण मिनिटांत उरकतं. केस-नखं का वाढत नाहीत यालाही उत्तर आहे, मृत पेशी. इतक्या मेहनतीनंतर शेवटी औषध कंपनी, निरीक्षक, पोलीस असं सगळं समजावून सांगितलं की समुद्रकिनाऱ्याचं भय विरून जातं. प्रवाळातून पोहत दोघं पाण्याखाली जातात तिथे थांबवला तर माझ्या यादीत चौथा. जसा आहे तसा नववा.

'नॉक अ‍ॅट द केबिन' (२०२३) उलट्या कारणाने खाली. मूळ कादंबरीत मुलगी अपघाताने मरते आणि जगबुडी खरी की खोटी ते लटकतं राहतं. चित्रपटात मुलगी वाचते आणि जगबुडी खरी ठरते. शंका काढून घेतली की उरतो तो फक्त डेव्ह बॉटिस्टाचा अभिनय. तो चांगला आहे.

'हॅपनिंग' (२००८) बद्दल एवढंच, वाऱ्याला घाबरून पळणारी माणसं पडद्यावर दाखवायची नसतात.

मध्यंतर

'स्प्लिट' (२०१६) मुळात कलाटणीचा चित्रपट नाही. उपाहारगृहातला शेवटचा मिनिट काढा, तरी तो उभा राहतो. तो मिनिट फक्त 'अनब्रेकेबल' पाहिलेल्यांसाठी आहे, आणि तिथेही डेव्हिडच्या चेहऱ्याच्या आधी संगीत ओळखू येतं. एका स्टुडिओचं पात्र दुसऱ्याच्या चित्रपटात परवानगीने आलं, ही पडद्यामागची कलाटणी जास्त मोठी. 'ग्लास' (२०१९) ने तेच भांडवल वाहनतळावर उधळलं.

'ट्रॅप' (२०२४) मात्र तुम्ही सगळे खाली ढकलताय. इथे खुनी कोण ते सुरुवातीलाच सांगितलंय, म्हणजे श्यामलनने स्वतःचंच हत्यार खाली ठेवलंय. प्रश्न एवढाच की मुलीसोबत मैफलीला आलेला खुनी कूपर पोलिसांच्या वेढ्यातून निघतो कसा. टी-शर्ट विकणाऱ्याकडून माहिती काढणं, कर्मचाऱ्यांचं ओळखपत्र उचलणं, पोरीच्या नजरेत बाप राहणं, हे सगळं सभागृहात असेपर्यंत घट्ट आहे. बाहेर पडल्यावर गोष्ट आधी गायिकेच्या आणि मग बायकोच्या नजरेने जाते आणि तीनदा संपते. पोलिसांना सुगावा बायकोने दिला होता हे त्यातल्या एका शेवटात कळतं. ते कळल्यावर पहिला अर्धा भाग पुन्हा पाहा: बाप-लेकीची सगळी धमाल तिने आखून दिलेल्या सापळ्यात चाललेली असते.