ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिशवी काढावी का? अनुभव आणि सल्ला हवाय

गोदाकाठ
वय ४१, नाशिक. दोन्ही बाळंतपणं सिझेरियन, मुलं १४ आणि ९ वर्षांची. चार वर्षांपासून ओटीपोट दुखतंय. सुरुवातीला फक्त पाळीच्या आसपास दुखायचं, आता महिन्यातले पंधरा-सोळा दिवस तरी दुखतं. पाळीत अंगावरून खूप जातं, दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी पॅड. हिमोग्लोबिन ९.२. सोनोग्राफीत लिहिलंय, गर्भाशयाचा आकार वाढलेला, अ‍ॅडेनोमायोसिस या गर्भाशयाच्या आजारासारखे बदल, अंडाशय नॉर्मल. आजवर फक्त दुखणं आणि रक्तस्राव थांबवायच्या गोळ्या घेतल्यात.

डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, "मुलं झालीत, आता पिशवीचा काय उपयोग? काढून टाका, कटकट संपेल." सासूबाईंनीही ३८ व्या वर्षी काढली होती, त्यामुळे घरात कुणाला यात विचार करण्यासारखं काही वाटत नाही. मी शाळेत शिकवते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत उरकायचं असं परस्पर ठरतही आलंय. मलाच धीर होत नाहीये. ज्यांनी काढली, किंवा काढायची टाळली, त्यांनी प्लीज लिहा.

जास्वंद
मी ४३ व्या वर्षी काढली, अ‍ॅडेनोमायोसिससाठीच. आज तीन वर्षं झाली, एकदाही पश्चात्ताप झाला नाही. पण माझं दुखणं पाळीला घट्ट बांधलेलं होतं. पाळीच्या आधी दोन दिवस सुरू, पाळी संपली की बंद, मधले दिवस मी डोंगर चढायचे. आधी मिरेना (पिशवीत बसवायचं हार्मोन सोडणारं छोटं साधन) बसवून बघितली, अकरा महिने रोज थोडंथोडं डाग पडत राहिलं आणि मी कंटाळले. डायनोजेस्टने (हार्मोनच्या गोळ्या) दुखणं थांबलं पण मूड इतका बिघडला की घरच्यांनीच गोळ्या बंद करायला लावल्या. मग ऑपरेशन. दुर्बिणीतून झालं, अंडाशय ठेवले.

तिसऱ्या दिवशी घरी आले तरी "तीन दिवसांत चालायला लागलात" यावर जाऊ नकोस. सहा आठवडे भरलेली बादली उचलायची नाही, कुकरसुद्धा नाही. संबंधही नाहीत, आतले टाके भरायला वेळ लागतो. आणि पहिले दोन दिवस चक्क खांदा दुखतो, पोटात भरलेल्या गॅसमुळे. मला वाटलं हार्टचंच काहीतरी झालं!

तळेगावकर
बायकोचं झालं दोन वर्षांपूर्वी. एकदम ठणठणीत. जास्त विचार करू नका ताई, करून टाका.

जास्वंद
@तळेगावकर, कशासाठी झालं होतं?

तळेगावकर
विचारून सांगतो.

पायवाट
माझी गोष्ट उलटी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. २०१७ साली, वय ३८. रोज दुखायचं. बसलं की जास्त, लघवी साठली की जास्त. पाळीचा तसा संबंध नव्हता, पण बाईचं ओटीपोट दुखतंय म्हणजे पिशवीच असणार, असं सगळ्यांनीच धरलं, मीसुद्धा. पोट उघडलंच आहे तर "उगाच कॅन्सरची भीती नको" म्हणून दोन्ही अंडाशयही काढले. त्यावर माझी सही आहे, पण त्याचा अर्थ मला कुणी समजावला नव्हता आणि मीही विचारलं नव्हतं. पंधरा दिवसांत रात्री घामाने गादी भिजायला लागली. ३८ व्या वर्षी एका दिवसात रजोनिवृत्ती. हार्मोनच्या गोळ्या, कॅल्शियम, हाडांची तपासणी, हे आता कायमचं मागे लागलंय.

आणि दुखणं? पहिले तीन महिने बरं होतं. चौथ्या महिन्यात परत आलं, त्याच जागी. काढलेल्या पिशवीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. पिशवी निरोगी होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. पुढे दोन वर्षांनी एका फिजिओथेरपिस्टने सांगितलं की कटितळाचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कायम आवळलेले आहेत. ते सैल सोडायचे व्यायाम आणि मूत्राशयाचे उपचार यांनी आज सत्तर टक्के फरक आहे. म्हणजे उपाय होता, पण तो पोटाच्या आत नव्हता.

गोदाकाठ, "काढू की नको" हे नंतर ठरव. दुखतंय ते पिशवीच का, हे आधी कुणाकडून तरी नीट बघून घे.

स्टेथो
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे हे उपचार म्हणून नाही, पुढच्या भेटीत काय विचारायचं ते कळावं म्हणून वाचा.

वरचे दोन्ही अनुभव खरे आहेत आणि दोन्ही आम्ही नेहमी बघतो. अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये पिशवीचं अस्तर तिच्याच स्नायूत शिरलेलं असतं, त्यामुळे पिशवी काढली की ते दुखणं जातं. एंडोमेट्रिओसिसमध्ये तसंच अस्तर पिशवीच्या बाहेर, आतड्यावर, मूत्राशयामागे, अंडाशयावर असतं. नुसती पिशवी काढून ते तिथेच राहतं. दोन्ही एकत्रही असू शकतात आणि साध्या सोनोग्राफीत बाहेरचं हमखास दिसत नाही. त्यासाठी एमआरआय, किंवा ते शोधण्याचा सराव असलेल्या माणसाने केलेली योनीमार्गाची सोनोग्राफी. आणि चाळिशीत, दोन बाळंतपणांनंतर "आकार वाढलेला" हे शब्द कितीतरी बायकांच्या रिपोर्टवर असतात. त्यातल्या बऱ्याच जणींना काहीही दुखत नाही.

तुमच्या पोस्टमधली मला खटकलेली गोष्ट म्हणजे ते पंधरा-सोळा दिवस. पाळीचे दिवस वजा केले तर उरलेले दिवस काय दुखतं? दोन महिने लिहून ठेवा. कुठल्या तारखेला, कुठे, किती, आणि त्या दिवशी काय केलं होतं. शौचाला जाताना, लघवीच्या वेळी, संबंधांच्या वेळी, खूप उभं राहिल्यावर, सगळं. एक चाचणी डॉक्टरांना करायला सांगा. उताणं झोपून दुखऱ्या जागी बोट दाबून धरतात आणि डोकं वर उचलायला लावतात. त्याने दुखणं वाढलं तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतलं, म्हणजे स्नायू किंवा सिझेरियनच्या टाक्यात अडकलेली नस. दोन सिझेरियन झालेल्या बाईत हे बघायलाच हवं.

रक्तस्राव हा वेगळा प्रश्न, तो दुखण्यात मिसळू नका. आधी हिमोग्लोबिन वर आणा, लागलं तर शिरेतून लोह. थायरॉइड, पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी), आणि या वयात इतकं जात असेल तर अस्तराची बायोप्सी. हार्मोनचा उपाय, मग मिरेना असो वा गोळ्या, अजून झालेला दिसत नाही. त्याने किती दुखणं कमी होतं यावरूनही पुष्कळ कळतं. पाळी दाबूनही जे दुखणं जसंच्या तसं राहतं, ते पिशवी काढून जाईल याची मी तरी खात्री देत नाही.

शेवटी काढायचीच ठरली तर अंडाशयांचा निर्णय स्वतंत्र घ्या आणि संमतीपत्रावर तो स्पष्ट लिहून घ्या. निरोगी असतील तर ४१ व्या वर्षी ते काढू नयेत. गर्भनलिका काढल्या तर चालतं, अंडाशयाच्या कॅन्सरची शक्यता त्याने कमी होते.

माळरान
मी बीड जिल्ह्यात आरोग्याचं काम करते. गोदाकाठताई, तुमची परिस्थिती वेगळी आहे, पण "आता पिशवीचा काय उपयोग" हे वाक्य वाचून राहवलं नाही. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना हेच सांगितलं गेलं. पांढरं जातंय, काढा, नाहीतर कॅन्सर होईल. २०१९ मध्ये सरकारी समितीने ८२,३०९ बायकांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर इथे खाजगी दवाखान्यांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानेही सगळ्या राज्यांना अनावश्यक पिशवी-शस्त्रक्रिया रोखण्याचे नियम लागू करायला सांगितलं. यातल्या कितीतरी बायका आजही कंबर धरून मोळ्या उचलतात. दुसरं मत मागितलं म्हणून कुणी रागावलं तर रागावू दे.

तळेगावकर
विचारलं. फायब्रॉइड होते, म्हणजे पिशवीतल्या गाठी, मोठ्या. पोट दुखत नव्हतंच म्हणाली, रक्तस्रावासाठी केलं. आणि "तुला हे माहीत नव्हतं?" असंही म्हणाली. वरचा सल्ला मागे घेतो.

जास्वंद
@तळेगावकर 😄 वहिनींना नमस्कार सांगा.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

वही केली. पाळीचं दुखणं लाल पेनने, बाकीचं निळ्या. पहिल्याच महिन्यात सात दिवस लाल आणि नऊ निळे. लाल दुखणं मधोमध, खोल, पिळवटल्यासारखं. निळं कायम डावीकडे, बोट ठेवून दाखवता येईल असं, आणि शाळेत ज्या दिवशी सलग पाच तास उभी असते त्या दिवशी हमखास. चार वर्षं मी याला एकच दुखणं समजत होते.

दुसऱ्या डॉक्टरांकडे वही घेऊन गेले. त्यांनी ती बोटाची चाचणी केली आणि मी ओरडलेच. टाक्याच्या डाव्या टोकाला बधिर करायचं इंजेक्शन दिलं, तर वीस मिनिटांत निळं दुखणं गायब! पुन्हा आलं, पण पहिल्यापेक्षा कमी. आतापर्यंत अशी तीन झाली. एमआरआयमध्ये अ‍ॅडेनोमायोसिस आहे, बाहेर काही दिसलं नाही. बायोप्सी नॉर्मल. मिरेना बसवलीय, डाग पडतायत, जास्वंदची आठवण येते. हिमोग्लोबिन ११.४. दिवाळीचं ऑपरेशन रद्द. लाल दुखणं मिरेनाने नाहीच आटोक्यात आलं तर मे महिन्याच्या सुट्टीत पिशवी काढेन, अंडाशय ठेवून, आणि तेव्हा मला भीती वाटणार नाही असं वाटतं.

अजून एक. वही बघून सासूबाईंनी विचारलं, हे निळं काय गं? सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझं निळंच होतं. पिशवी काढल्यावरही राहिलं. आता कुणाला सांगायचं, म्हणून गप्प बसले." तीस वर्षं.

नाशिकमध्ये कटितळाच्या स्नायूंवर काम करणारी बाई फिजिओथेरपिस्ट कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझ्यासाठी नाही, सासूबाईंसाठी. वय ६८, एका जागी फार वेळ बसवत नाही.